भरलेला तांब्या

रविवार, ३० जून १९६८

भिकन आजही आला नाही. हा आठवा रविवार.

तो आला असता तर ही वही उघडलीच नसती. पन्नाशीला टेकलेल्या माणसानं रोजनिशी सुरू करावी हे काही बरं लक्षण नाही. पण कालच्या टपालानं पुण्याच्या एका दिवाळी अंकाचं पत्र आलंय. 'निजामी काळातल्या गुन्ह्यांवरच्या आपल्या कादंबऱ्या आणि त्यातली अमीनसाहेब हे फौजदार व त्यांच्या चौकीतला सांडू जवान ही जोडी वाचकांच्या फार आवडीची आहे. तरी या लेखनामागच्या प्रेरणा, या विषयावर हजार-दीड हजार शब्द ऑगस्टअखेर पाठवावेत.' च्यामारी, प्रेरणा! त्यापेक्षा कोर्टातली उलटतपासणी बरी. तिथं निदान 'आठवत नाही' म्हणता येतं.

खरं काय ते आधी इथं लिहावं आणि त्यातलं छापण्याजोगं तिकडं पाठवावं, असं ठरवलंय. ही वही पेटीत, कुलपात राहील.

सवयीनं चहा दोघांचा टाकला गेला. दोन्ही कप मीच प्यालो. आता पित्त झालंय.

बुधवार, ३ जुलै

लेखाला हात घातला. 'लहानपणी अजिंठ्याच्या डोंगरात गुरं राखताना' इथपर्यंत आलो आणि थांबलो. मी आयुष्यात एक दिवस गुरं राखलेली नाहीत. फर्दापूरकडं आमची जमीन आहे, ती बन्सीदादा बघतो. मला वडलांनी नवव्या वर्षीच इथं औरंगाबादला उर्दू शाळेत आणून टाकलं. तेव्हा सरकारदरबारी सगळं उर्दूच होतं, आणि पोरगं अंमलदार होणार असं वडलांना वाटत होतं. पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं आणि अंमलदारी राहिली बाजूला. पण जुन्या दप्तरातले उर्दू कागद वाचून मराठीत उतरवायला कोर्टाला माणूस पाहिजे होता. एकोणीस वर्षं तेच करतोय. सगळे मुन्शीजी म्हणतात. रामकिसन या नावानं हाक मारणारं या शहरात कोणी उरलं नाही.

पुस्तकांवर नाव आहे 'खडकीकर'. पुण्याचे लोक मला त्यांच्या खडकीचा समजतात. आमच्या शहराचं जुनं नाव खडकी, हे त्यांना सांगायला मी गेलो नाही. मी लिहितो हे कोर्टातल्यांपैकी फक्त भिकनला माहीत.

लग्न केलं नाही. सारजावहिनीनं सात मुली दाखवल्या. आठव्या वेळी मी सांगितलं, मला जुनाट दमा आहे. मला दमाबिमा काही नाही, पण तेव्हापासून गावी गेलो की खोकत बसावं लागतं. मागच्या वेळी तर वहिनीनं अडुळशाचा काढा पाजला.

रविवार, ७ जुलै

नववा.

भिकन कोण ते लिहितो. आमच्या कोर्टात बेलीफ होता, गावोगाव समन्स पोचवायचा. हर्सूलचा धनगर. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, गेल्या साली पेन्शनीत निघाला. अक्षरओळख नाही. कागदाच्या कोपऱ्याला घड्या घालायचा, पिसादेवीला एक, फुलंब्रीला दोन, आणि कधी चुकला नाही. गावात गेला की पाटील नाहीतर मास्तर कोणीतरी समन्स मोठ्यानं वाचायचं आणि हा शेजारी उभा राहून ऐकायचा.

बारा वर्षांपूर्वी पहिली कादंबरी लिहून झाली, तेव्हा ती ऐकवावी असं माणूसच सापडेना. भिकनला म्हणलं, रविवारी ये. तेव्हापासून दर रविवारी दोनला यायचा. चपला दाराबाहेर, फेटा खुंटीवर, आणि माझ्या उजव्या हाताशी पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा. मग भिंतीला टेकून बसायचा. "मुन्शीजी, हे खोटं हाय. धनगर आसा बोलत नाय," असं म्हणला की मी तिथं बदल करायचो. जितकं लिहून होईल तितकं त्याला वाचून दाखवायचं, मगच पुण्याला पाठवायचं, अशी रीत पडली.

आता खरं ते लिहितो. प्रत्येक पुस्तकात अशा काही जागा असतात की ज्या मी भिकनपुढं वाचत नाही. अमीनसाहेब चौकीत एकटे असतात आणि खुंटीवरचा सांडूचा फेटा काढून हुंगतात, तसल्या. 'या माणसावाचून मला घास जात नाही' असं ते स्वतःशी म्हणतात, तसल्या. पुण्याला पाठवताना मला भीती वाटत नाही. हजार लोक वाचतात, वाचोत बापडे, त्यांना मी कोण ते ठाऊक नाही. भिकनसमोर मात्र जीभ टाळ्याला चिकटते. अशी जागा आली की मी तांब्या उचलतो, घोटभर पाणी पितो, तेवढ्यात बोटानं खालची ओळ धरतो आणि तिथून पुढं चालू. बारा वर्षं, दहा पुस्तकं. अडाणी माणूस, त्याला काय कळणार कुठं काय गाळलं ते.

मग अकरावं आलं. आमचे पुण्याचे प्रकाशक आप्पासाहेब यांचं पत्र होतं की साताऱ्याकडच्या एका हेडमास्तरांनी तक्रार केलीय, अमीन आणि जवान यांचा स्नेह 'अंमळ जास्त' वाटतो. तेव्हा सांडूची बदली करा आणि अमीनसाहेबांना बायको बघा. मी निमूट केलं. सांडूला फर्दापूरच्या नाक्यावर धाडला, अमीनसाहेब जालन्याला जाऊन मुलगी बघून आले. बाराव्या पुस्तकात लग्न.

पाच मेच्या रविवारी अकराव्याचे शेवटचे भाग वाचले. लपवण्यासारखं काही नव्हतंच, त्यामुळं सलग वाचलं, आणि चांगलं वाचलं असं मला वाटलं. संपल्यावर भिकननं वाकून तांब्यात पाहिलं. तांब्या काठोकाठ भरलेला. तो जरा वेळ तसाच बघत राहिला, मग उठून फेटा बांधायला लागला. म्हणलं, अरे चहा ठेवलाय. तर म्हणला, "नगं. बरं हाय मुन्शीजी." आणि गेला.

सांडू गेला म्हणून रागावला असणार. ऐकणाऱ्यांचं असंच असतं, गोष्टीतल्या माणसांचं त्यांना फार लागतं.

शुक्रवार, १२ जुलै

लेखात लिहिता येणार नाही, पण प्रेरणा म्हणतात ती एका फायलीत आहे.

१९५० साली दप्तरखान्यातून माझ्याकडं भाषांतराला आली, १३४७ फसलीची, म्हणजे १९३७-३८ सालची. याकूब नावाचा हिमरूच्या शाली विणणारा डोक्यात फटका बसून मेलेला सापडला. त्याच्या घरात राहून त्याच्याच मागावर अकरा वर्षं काम करणारा पुंजाराम, त्याचा जबाब. त्यात सवाल आहे, 'मयताशी नातं काय?' पुढं अमीनानं एक शब्द लिहिला होता, मग खोडून वर शाईची रेघ ओढली होती. मी भिंगानं पाहिलं, कागद उन्हात धरून पाहिलं. शब्द लागला नाही. आणि जबाबाच्या शेवटी एक ओळ: 'आता जेवायला ये म्हणून हाक मारणारं कोणी नाही.' पुराव्याच्या दृष्टीनं या ओळीला कवडीची किंमत नाही. तरी त्या अमीनानं ती लिहून घेतली होती.

खुनी सापडलाच नव्हता. फाईल तशीच बंद झालेली.

भिकन तेव्हा शेजारी उभा होता. मी वाचून दाखवलं तर म्हणला, "पुंजाला समन मीच नेलं व्हतं. खून हून पंधरा दिस झालते, तरी चुलीपाशी दोन ताटल्या पालथ्या घातलेल्या." मी विचारलं, "कोण होते रे ते एकमेकांचे?" तर माझ्याकडं बघून म्हणला, "तुमी मुन्शी. कागूद तुमाला वाचता येतो, मला काय पुसता?"

त्यानंतर कितीतरी दिवस मला तो अमीन दिसायचा. शब्द लिहिणारा, खोडणारा, आणि तरी ती ओळ ठेवणारा. त्याला मी काकासाहेब हे नाव दिलं, चौकी दिली, घोडी दिली, आणि घरात बसवायला सांडू दिला. पहिल्या कादंबरीत याकूबचा खुनी मी शोधून काढला. सरकारला जमलं नाही ते मी केलं.

लोक विचारतील, तुम्हाला त्या फायलीत एवढं काय दिसलं? मला त्यात मी दिसलो. झालं, लिहिलं. शाई वाळेपर्यंत वही मिटवली नाही.

मंगळवार, १६ जुलै

पैठण गेटच्या फिरत्या वाचनालयात गेलो होतो. मालकाला मी कोण ते माहीत नाही. मीच माझी पुस्तकं नावावर लावून घरी आणतो, किती शिक्के पडलेत ते बघायला. हा चोरटेपणाच म्हणायचा.

तिथं आवडाबाई भेटल्या, सिव्हिल हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. तावातावानं मालकाला विचारत होत्या, "ह्या खडकीकराला झालंय तरी काय? सांडूला कुठं हाकललं?" मालक म्हणला, "बाई, लग्न ठरलंय अमीनसाहेबाचं." बाई म्हणल्या, "मेलं ते लग्न!" मला हसू आलं आणि मग हसवेना. उगीच खोकलो. आता गावाबाहेरही दमा लागला म्हणायचा.

जूनअखेर छापून आलेल्या अकराव्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, 'लग्न झालं की मालिका संपली समजा.' त्याच्याखाली निराळं अक्षर: 'सांडूला कोणी विचारलं का?'

रविवार, २१ जुलै

अकरावा. दोन वाजता जिन्यात पावलं वाजली म्हणून उठलो. दळण घेऊन आलेले शेजारी होते.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढंमागं कोणी ही वही वाचली तर गैरसमज नको. सांडू म्हणजे भिकन नव्हे. सांडू उंचापुरा आहे, भिकन माझ्या कानाला लागेल इतकाच. सांडूच्या गालावर तीळ आहे. सांडू सडाफटिंग आहे, भिकनला बायको आहे, बानाबाई, मुली आहेत, जावई आहेत. बोलण्याची ढब तेवढी घेतली. आणि चालणं. आणि हसताना तोंडावर उपरणं धरायची सवय. फेटा तर सगळेच बांधतात.

संध्याकाळपर्यंत खोली झाडली. खुंटी पुसली.

गुरुवार, २५ जुलै

सोनाजी शिपाई भिकनचा भाचा. आज त्याला सहज म्हणून विचारलं, "मामा बरा आहे का रे? गुडघा धरतो का?" तर म्हणला, "मामाला काय धाड भरलीय! शेरडं घेतलीत चार. म्या इचारलं, मुन्शीजीकडं जात नाय का, तर म्हनला, ते वाचून दावत्यात त्या बुकात आता कायी ऱ्हायलं नाय."

काही राहिलं नाही! बारा वर्षं माझा चहा प्यायला आणि आता टीकाकार झाला. अकरावं पुस्तक किती बांधेसूद आहे, हेडमास्तरसुद्धा त्यात खोट काढू शकणार नाही. अडाण्याला रचना काय कळणार? त्याला खून पाहिजे, मारामारी पाहिजे.

दिवसभर तीन दस्तऐवजांत चुका केल्या. एकात तर वादीला प्रतिवादी करून ठेवलं.

रविवार, २८ जुलै

हर्सूलला गेलो होतो. गेलो होतो म्हणजे जळगावच्या एसटीनं जेलपाशी उतरलो. जेलच्या भिंतीच्या कडेनं तळ्यापर्यंत चालत गेलो. बांधावर भिकन दिसला. खांद्यावर करडू घेतलेलं, कोणाशी तरी बोलत होता, आणि तोंडावर उपरणं धरून हसत होता.

माझ्यावाचून त्याचं काही अडलेलं नाही. मला काय वाटलं होतं, तो झुरत बसला असेल?

पाऊलच उचलेना. जाऊन म्हणणार तरी काय? तू येत नाहीस म्हणून मला जेवण जात नाही, असं? परतीची एसटी यायला तास होता, तो जेलच्या समोर पानाच्या टपरीवर काढला. पानवाल्यानं विचारलं, "किस को मिलने आए?" म्हणलं, "कोणाला नाही."

रविवार, ४ ऑगस्ट

बारावं पुस्तक सुरू केलं. लग्नाचं प्रकरण. मांडव घातला, मुंडावळ्या बांधल्या, भटजी बसवले, नवरी आणून उभी केली. अंतरपाट धरला आणि माझे अमीनसाहेब काही केल्या पाटावर उभे राहिनात. तीन वेळा उभे केले, तीन वेळा कागद फाडला.

चौथ्यांदा त्यांनी मुंडावळ्या काढल्या, नवरीच्या बापाची माफी मागितली, घोडीवर बसले आणि फर्दापूरची वाट धरली. मी थांबवलं नाही. नाक्यावर सांडू ज्वारीची भाकरी थापत बसला होता. त्यानं मान वर करून बघितलं आणि काही न विचारता दुसऱ्या भाकरीचं पीठ घेतलं. मग त्या दोघांचं बोलणं लिहिलं. आजवर जे शब्द मी दहा पुस्तकांत दोन-दोन ओळींनी चोरून घातले, ते सगळे उघड आले. त्यात गाळायची एक जागा नव्हती, म्हणजे गाळायचं तर सगळं प्रकरणच गाळावं लागेल.

तीन तास लिहीत होतो. पाणीही प्यालो नाही. उद्या आप्पासाहेबांना पाठवतो. काय व्हायचं ते होऊ दे.

मंगळवार, १३ ऑगस्ट

प्रकरण रजिस्टरनं परत आलं. आप्पासाहेबांचं पत्र सभ्य आहे, मराठीही चांगली आहे. 'आजवर हा स्नेह म्हणून चालून गेला. हे चालणार नाही. आपण मालिका अकराव्यावरच थांबवू. पुढच्या आवृत्तीत शेवटी समाप्त असं छापून घेतो. आपल्या प्रकृतीस जपावे.'

बारा वर्षं. समाप्त म्हणे.

कोणाला सांगू? कोर्टात कोणाला माहीतच नाही की मी लिहितो. बन्सीदादाला कळलं तर म्हणेल, बरं झालं, डोळे वाचले. रडलो. जिना उतरून खाली गेलो, पोस्टाच्या पेटीत दिवाळी अंकाला कार्ड टाकलं की लेख जमणार नाही, वर आलो आणि परत रडलो.

ही गोष्ट ज्याला सांगावी असा एकच माणूस आहे आणि तो शेरडं राखतोय.

रविवार, १८ ऑगस्ट

आज गेलो, आणि जेलपाशी थांबलो नाही. पिशवीत पहिलं पुस्तक आणि परत आलेलं प्रकरण.

दारात बानाबाई कांदे वाळत घालत होती. मला बघून पदर सावरला. "या मुन्शीजी. लई दिसानं वाट घावली."

"भिकन आहे का?"

"तळ्यावर हायती. आयतवारी दोन वाजले की घरात करमतच नाय त्यांला. नुस्ते आत-बाहेर, आत-बाहेर. म्या म्हनलं, जा बाबा त्या शेरडांमागं." ती आत गेली आणि पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन आली. माझ्या हातात दिला. "न्या. तुमाला लागतो ना बोलताना." तिच्या तोंडाकडं मला नीट बघवलं नाही.

तांब्या हिंदकळू न देता बांधावर चढलो. भिकन बाभळीच्या सावलीत बसला होता. उठला नाही.

"समन आणलं का?" म्हणला.

"आणलंय."

"मी घेत नसतो. दारावर चिकटवा."

"त्याला दोन पंच लागतात."

"हायती की," त्यानं शेरडांकडं हात केला. "चार हायती."

मी खाली बसलो. तांब्या दोघांच्या मध्ये ठेवला. म्हणलं, मालिका बंद झाली. आप्पासाहेबांनी प्रकरण परत पाठवलं. तो काडीनं जमीन उकरत राहिला. मग मला राहवलं नाही. म्हणलं, "पंधरा रविवार झाले. सांडूची बदली केली म्हणून एवढा राग?"

"बदलीचा कशाला राग? नोकरीत बदली व्हतीच. मानूस परत येतो."

"मग पुस्तकात काही राहिलं नाही असं का म्हणलास?"

भिकननं काडी टाकून दिली. "मुन्शीजी, म्या बत्तीस वरसं समन नेलं. मला वाचता येत नाय. पर लोकं वाचायची ते शेजारी उभा राहून ऐकलंय. केवढ्या कागदाला केवढा वकत लागतो ते मला ठावं हाय. एखादा पाटील आपल्या सोयऱ्याचं नाव खाऊन वाचायला लागला तर मला तवाच कळायचं. मी म्हनायचो, पाटील, कागूद आजून ऱ्हायलाय."

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"पैल्या बुकापासनं बघतोय. तुमी पाणी प्यायचे, पान आर्धं शिल्लक, अन् फुडं चालू. म्या म्हनलं, आसंल कायतरी आत. आज नाय वाचत तर उद्या वाचतील. ताकाला जायचं अन् गाडगं लपवायचं, आसं किती दिस चालंल? दहा बुकं म्या तुमचा तांब्या भरला. भरताना म्हनायचो, आज तरी उरू दे."

"आणि अकराव्याला उरला," मी म्हणलं.

"आकराव्याला तुमाला तहानच लागली नाय. म्या तांब्यात बघितलं अन् म्हनलं, खलास. गाळाया सुदिक कायी ठिवलं नाय ह्या मानसानं. मंग मी कशाला येऊ? गोष्टी काय रेडिओवर बी आसत्यात."

बारा वर्षं मी त्याला अडाणी समजत होतो. ह्या वहीतसुद्धा दोनदा तसं लिहिलंय. ते खोडणार नाही, राहू दे.

पिशवीतून पहिलं पुस्तक काढलं. तिसरा भाग, चौकीचा. वाचायला लागलो. अमीनसाहेब गस्तीवरून येतात, घोडी बांधतात, सांडू विहिरीवर गेलेला असतो, खोलीत कोणी नसतं. इथपर्यंत त्यानं बारा वर्षांपूर्वी ऐकलेलं होतं. पुढं ती जागा. माझा हात आपोआप तांब्याकडं गेला.

तांब्या तिथं नव्हता. भिकननं उचलून मांडीत घेतला होता, दोन्ही हातांनी धरून.

"पाणी मागाहून," तो म्हणला. "आधी वाच, रामकिसन."

मग मी वाचलं. एक ओळ न गाळता वाचलं. 'अमीनसाहेबांनी खुंटीवरचा फेटा काढला आणि चेहऱ्याला लावला. धुळीचा वास होता, तंबाखूचा होता, मेंढरांचा होता. या माणसावाचून मला घास जात नाही, ते स्वतःशी म्हणाले. मग त्यांनी फेटा होता तसाच, त्याच पिळानं, खुंटीवर परत ठेवला. सांडूला कळू नये म्हणून.'

पुस्तक मिटलं. एक शेरडू खोकलं. भिकन तळ्याकडं बघत होता.

"कळलं व्हतं त्याला," तो म्हणला.

त्यानं तांब्या माझ्यापुढं सरकवला. "पी आता. अन् दुसरं बुक काढ."

"दुसरं आणलं नाही."

"मंग फुडल्या आयतवारी आन," भिकन म्हणला, आणि उपरण्यानं तोंड पुसलं. "दोनला. मी येतो तिकडं."